आजोबांची जुनी लष्करी घडणीची रायफल आणि रानडुकरं: काडतूस कुठलं घ्यावं?

ननाशीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमची शेती दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम कडेला, ननाशीच्या अलीकडे. खाली थोडी द्राक्षं, वर डोंगराच्या अंगाला भुईमूग आणि मका. गेले तीन हंगाम डुकरांनी उच्छाद मांडलाय. भुईमूग असा उकरतात की सकाळी वावरात गेलं तर वाटतं रात्री कुणी नांगर घालून गेलं. पंचनामे झाले, थोडी भरपाई मिळाली, पण त्यातून बियाण्याचाही खर्च निघाला नाही. आता वनविभागाकडे परवानगीचा रीतसर अर्ज करायचं ठरवलंय.

घरात रायफल आहे. मूळ आजोबांची, आता परवाना वडिलांच्या नावावर. पंचवीसेक वर्षांत तिचा बार निघालेला नाही. दसऱ्याला हार-फुलं आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, एवढाच तिचा प्रवास. दस्त्याच्या मानेपाशी पोलादी कड्यावर मुकुट कोरलाय, त्याखाली जी आर आय, ईशापूर आणि १९४२.

आजोबांच्या ट्रंकेत बिस्किटाच्या डब्यात अकरा काडतुसं निघाली. सात जाडसर, पुढं शिशाचं बोथट करडं नाक असलेली. चार सडपातळ, टोकदार, पूर्ण तांबूस. वडील म्हणतात दोन्ही चालतात, आजोबा दोन्ही ठेवायचे. डुकरासाठी यातलं कुठलं वापरावं? आणि नवीन घ्यायचं तर काय मागावं?

पंचवटीकर

ती टोकदार म्हणजे थ्री नॉट थ्री (.३०३) असणार. पूर्वी पोलिसांकडे हीच असायची. जबरदस्त ताकदीची गोळी, डुक्कर जागेवर बसेल. १९४२ ची ईशापूर म्हणजे रायफलही थ्री नॉट थ्रीच.

जुना आर्मरर

ननाशीकर, आधी हात जोडून विनंती. आज रात्री त्या रायफलीत यातलं एकही काडतूस घालून बघू नका. "बसतंय का" एवढं पाहण्यापुरतंसुद्धा नको.

मी देवळालीला तोफखान्याच्या युनिटमध्ये आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. पंचवटीकरांनी चांगल्या मनाने लिहिलंय, पण कड्यावरचा शिक्का फक्त सांगाड्याचं जन्मसाल सांगतो. नळी कुठली आहे ते सांगत नाही. ईशापूर कारखान्याची ली-एन्फिल्ड रायफल लष्करासाठी थ्री नॉट थ्रीमध्येच बनली, पण पुढे तिचे किमान तीन संसार झाले. काही होत्या तशाच राहिल्या. काहींची नळी आतून गुळगुळीत करून .४१० ची मस्केट केली, पहारेकऱ्यांसाठी. ती एका वेळी एकच गोळी घेते, आणि तिचं काडतूस बाजारातल्या .४१० छऱ्याच्या काडतुसासारखं नसतं, ते थ्री नॉट थ्रीच्याच पितळेपासून केलेलं. आणि काहींना आठ मिलिमीटरची नळी बसली, जिला आपल्याकडे तीनशे पंधरा म्हणतात.

बाहेरून तिन्ही सख्ख्या बहिणी. लाकूड तेच, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तोच. त्यामुळे "ही काय, ली-एन्फिल्डच आहे" असं म्हणून जो काडतूस घेतो तो फसतो.

उद्या सकाळी उजेडात मॅगझिन काढा, बोल्ट काढून बाजूला ठेवा आणि नळीच्या बुडाशी, लाकूड संपतं तिथे, भिंग धरून बारीक अक्षरं वाचा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने हलकेच पुसा, सँडपेपर अजिबात लावू नका. मॅगझिनमध्ये पाच मावतात की दहा, तेही सांगा. आणि परवान्यावर बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, रकान्यात काय लिहिलंय ते शब्दशः इथे लिहा.

कोर्टाची पायरी

आर्मरर काकांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. साध्या परवान्यावर ती रायफलही ठेवता येत नाही आणि तिची काडतुसंही. इंग्रजांच्या काळापासून सैन्याचं काडतूस खासगी हातात जाऊ नये हेच धोरण होतं, आणि .३१५ आपल्याकडे एवढी रुजली ती त्यामुळेच. परवान्यावर .३१५ असेल आणि ट्रंकेत .३०३ ची चार काडतुसं सापडली, तर "आजोबांची होती" हे उत्तर कायद्याला पुरत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम २१ आहे. ज्या वस्तूचा ताबा कायदेशीर उरलेला नाही ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. विहिरीत टाकणं, पुरणं, कुणाला देऊन टाकणं हे काहीही करू नका.

वडिलांचं वय काय? २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. तोवर रायफल तुमच्या वडिलांची आहे, तुमची नाही, हे ध्यानात असू द्या.

सुरगाण्याची माती

ननाशीकर, तुमची कळ समजते. आमच्याकडे नागली आणि भात. पण एक सांगते, बंदुकीने एखादं डुक्कर पडतं, कळप आठ दिवसांनी परत येतो. आम्ही गटाने मिळून सौर झटका कुंपण केलं. त्याचा झटका थांबून थांबून येतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. पण लायनीवरचा थेट करंट तारेत सोडू नका. आमच्या शेजारच्या पाड्यावर तशा तारेने घरचाच माणूस गेला.

ननाशीकर

ताई, कुंपणाचं तुमच्याकडून नक्की समजून घेईन. खालच्या शेताला ते जमेल, वरचा तुकडा मात्र ओहोळाने फाटलेला आहे, तिथे तार टिकत नाही.

काका, सकाळी बोल्ट काढला. वडील ७३ वर्षांचे, तेच भिंग घेऊन बसले. नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला अर्धवट पुसलेलं "३१५" स्पष्ट दिसतं, त्यापुढे "८ एम" आणि पुढचं गेलंय. मॅगझिन आखूड आहे, पाचचं. परवान्यावर "रायफल .३१५, मॅगझिन" असं जुन्या शाईत. वडील थोडा वेळ गप्पच बसले. म्हणाले, इतकी वर्षं मी हिला थ्री नॉट थ्रीच समजत होतो.

टोकदार काडतुसांच्या बुडावर केएफ, १९४३ आणि रोमन सात. बोथटवर केएफ आणि ३१५.

जुना आर्मरर

आता अर्धं काम झालं. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. रोमन सात म्हणजे मार्क सात, थ्री नॉट थ्रीचं लष्करी काडतूस. सातच्या पुढे झेड असता तर आत नायट्रोसेल्युलोज दारू, नसेल तर कॉर्डाइट, म्हणजे शेवयांसारख्या लांब काड्या.

त्या चार गोळ्या तुमच्या रायफलीच्या नाहीत. थ्री नॉट थ्रीची पितळी केस (काडतुसाचं कवच) ५६ मिमी लांब, तीनशे पंधराची ५० मिमी, पण बुडाशी जाड. मार्क सातची गोळी ७.९ मिमीची, तुमच्या नळीची ८.२ च्या आसपास. सरळपणे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या पोकळीत, ती बसणारच नाही. धोका तिथेच आहे. बसत नाही म्हणून माणूस बोल्टवर तळहात मारतो. हत्याराला जोर लावावा लागला की समजायचं, आपण चुकतोय.

बोथट सातही वापरू नका. ती तुमच्या बोअरची आहेत हे मान्य, पण ट्रंकेत इतके पावसाळे काढलेत. बुडाच्या टोपीभोवती हिरवं चढलंय का बघा.

ननाशीकर

चढलंय. दोघांच्या मानेवर केसासारखी बारीक चीरही दिसते.

जुना आर्मरर

तर मग तीही जमा करा. मानेला चीर म्हणजे पितळ ठिसूळ झालं. असं काडतूस उडताना फाटलं तर वायू मागे, बोल्टच्या बाजूने, थेट तोंडाकडे येतो. ली-एन्फिल्डच्या बोल्टची कुलपं मागच्या टोकाला असतात, पुढे नाहीत. दाब आला की सगळा सांगाडा किंचित ताणतो आणि पितळही ताणतं. मी एकदा रेंजवर बोल्ट मागे ओढला तर केसचं नुसतं बूड हातात आलं, नाण्याएवढं. पुढचा भाग नळकांड्यासारखा चेंबरमध्येच. जवानाला काही झालं नाही, चष्म्याने डोळा वाचला. त्या दिवसापासून रिकामी केस हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी दुसरं काडतूस भरलेलं नाही.

दक्षिणवारा

मी मूळचा नाशिक रोडचा, गेली अकरा वर्षं न्यूझीलंडला, दक्षिण बेटावर. इथे हरणं, डुकरं, बोकडं सगळी बाहेरून आणून सोडलेली, त्यांनी रान खाल्लंय, म्हणून परवाना काढून शिकार करता येते. माझी रायफल थ्री नॉट थ्रीच आहे, ली-एन्फिल्ड नंबर चार, १९४३ ची. भारतातला कायदा वेगळा, पण जुन्या लष्करी रायफलीला शिकारीचं काडतूस निवडताना मी जे शिकलो ते तीनशे पंधरालाही लागू पडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवातीला मी स्वस्त म्हणून लष्करी काडतुसं घेतली. १७४ ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची टोकदार, पूर्ण धातूने मढवलेली गोळी, सेकंदाला २४४० फूट वेग. कागदावर सुरेख. पहिल्याच डुकराला खांद्यामागे लागली, ते पळालं. दोन तास रक्ताचा माग काढत फिरलो, शेवटी ओढ्यात सापडलं, जिवंत. ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही. गोळी सुईसारखी आरपार गेली होती. मार्क सातच्या टोकात शिशाऐवजी हलका अ‍ॅल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा असतो, बूड जड, त्यामुळे अंगात शिरल्यावर ती कधी आडवी फिरते. कधी फिरत नाही. या "कधी"वर जनावराचा जीव टांगून ठेवायचा नाही.

लष्करी गोळी अशी का, याचं मूळ आपल्याच देशात आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली, लागल्यावर पसरणारी गोळी बनली. त्यावरूनच जगभर "दमदम गोळी" हे नाव पडलं. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तशा गोळीला बंदी घातली. म्हणून सैन्याचं काडतूस हे न पसरणारंच असतं. माणसाच्या बाबतीत ती दया आहे. जनावराच्या बाबतीत मात्र उलटं, शिकारीत पसरणारी गोळीच दयेची, कारण ती लवकर संपवते. जुन्या लष्करी रायफलीला लष्करी काडतूस शोभत असलं तरी शिकारीला ते चुकीचंच.

पंचवटीकर

माझी पहिली पोस्ट चुकीची होती, मान्य करतो. एक विचारतो. आमच्या मामांकडे पूर्वी टोकदार गोळीचं टोक कानशीने घासून बोथट करायचे, म्हणजे पसरते म्हणून. ते चालतं का?

जुना आर्मरर

नाही! मढवलेल्या गोळीचं वेष्टण बुडाकडून उघडं असतं. पुढचं टोक घासलं की ते दोन्हीकडून उघडी नळी होऊन बसतं. आतलं शिसं दाबाने पुढे निघून जातं आणि वेष्टण नळीतच अडकून राहतं. बाहेरून काही कळत नाही. पुढचा बार काढला की त्या अडथळ्यावर नळी फुगते किंवा फाटते. शिकारीची मऊ नाकाची गोळी कारखान्यात उलटी घडवतात. तिचं वेष्टण बुडाशी बंद आणि नाकाशी उघडं. घरच्या कानशीने ते होत नाही. मामांना कुणी वाचवलं असेल तर नशिबाने.

दक्षिणवारा

काकांशी शंभर टक्के सहमत. पुढचं सांगतो.

मऊ नाकाच्या गोळीवर आलो. थ्री नॉट थ्रीला इथे मुख्यतः १५० आणि १८० ग्रेनच्या मिळतात. दीडशे वेगवान, लहान हरणाला आणि मोकळ्या माळावर बरी. एकशेऐंशी जड, डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातड्यातून आणि चिखलाच्या थरातून आत जाते. मी १८० घेतली. पण नेम काही लागेना, शंभर मीटरवर पाच गोळ्या टोपलीभर जागेत. दोष दुर्बिणीला दिला, स्वतःच्या खांद्याला दिला. मग एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितलं, नळी मोज.

रिकाम्या नळीत तेलाचं बोट फिरवलं. गळाचं मऊ शिसं तोंडाकडून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत दुसऱ्या टोकाला काढलं. त्या शिशावर नळीच्या खोबणींचे ठसे उमटतात. ते पाहताना नळीचं आत्मचरित्र हातात आल्यासारखं वाटतं, कुठे सैल, कुठे आवळ, बोटांना कळतं. एन्फिल्डच्या खोबणी पाच, समोरासमोर येत नाहीत, म्हणून मोजणं किचकट. माझी निघाली .३१४ इंच. कागदावर असायला हवी .३११ च्या आसपास. युद्धाच्या घाईत ज्या नळ्या निघाल्या त्यांच्यात असा फरक सर्रास सापडतो. बारीक गोळी सैल नळीत डगमगत जाते, कागदाला गोल भोकाऐवजी चावी घातल्यासारखं लांबट भोक पडतं.

उपाय म्हणजे लांब अंगाची, सपाट बुडाची, जड गोळी. तिला नळीत धरायला जास्त लांबी मिळते. निमुळत्या बुडाच्या आधुनिक गोळ्या कॉर्डाइटने झिजलेल्या नळीत नीट चालत नाहीत. मी २१५ ग्रेनच्या बोथट गोळीवर आलो. लांबीने आणि वजनाने तशीच गोळी या काडतुसाबरोबर सुरुवातीला, १८८८ साली, होती. टोकदार १७४ ग्रेन १९१० मध्ये आली. माझी रायफल जुन्या चालीवर परत आली आणि टोपलीची वाटी झाली.

ननाशीकर

दादा, हे वाचताना अंगावर काटा आला. ओढ्यातल्या डुकराचं विशेष.

मग तीनशे पंधराला वजनात निवड कितपत आहे?

जुना आर्मरर

निवड जवळजवळ नाही, आणि तुमच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. सरकारी कारखान्याचं .३१५ चं काडतूस २४४ ग्रेनचं, मऊ नाकाचं. पावणेसोळा ग्रॅमची गोळी. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं, ८ बाय ५० आर, त्याला त्या काळी सेकंदाला ६२० मीटर वेग द्यायचे. म्हणजे जड आणि संथ. माळावर तीनशे मीटरवर मारायला हे काडतूस नाही, तिथे गोळी फार खाली येते. पण मचाणावरून चाळीस-पन्नास मीटरवर डुकराला याच्यापेक्षा बरं क्वचितच काही असेल. जड मऊ गोळी आत शिरते, फुलते आणि बहुतेक वेळा आतच किंवा पलीकडच्या कातडीपाशी थांबते.

गोळी थांबते कुठे हे मला गोळी लागते कुठे याच्याएवढंच महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे मातीखाली काळा पाषाण. मढवलेली कडक गोळी दगडावर आपटली की भिरभिरत कुठेही जाते, पाडा एक किलोमीटरवर असला तरी तो लांब नाही. मऊ गोळीसुद्धा उसळू शकते, म्हणून मचाण उंच हवं, गोळी खाली मातीत जाईल असा कोन हवा, आणि मागे डोंगराचा उतार हवा. क्षितिजावर उभ्या डुकराला कधीच मारू नका.

कोर्टाची पायरी

यात कायद्याची भर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात कलम ९ शिकारीला बंदी घालतं, कलम ११ पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबत लेखी परवानगीची वाट ठेवतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीत जे क्षेत्र, जी मुदत आणि जी संख्या लिहिली असेल तिच्या बाहेर एक बारही काढू नका. मारलेलं जनावर ही सरकारी मालमत्ता असते, वाटे घालून गावात वाटायचं नाही. बार वडिलांनीच काढायचा, कारण परवाना त्यांचा. तुम्हाला काढायचा असेल तर आधी वारसाचा अर्ज मंजूर होऊ द्या.

दक्षिणवारा यांच्या देशात लोक घरी काडतुसं भरतात. आपल्याकडे ते कलम ५ खाली उत्पादन ठरतं, परवान्याशिवाय गुन्हा. तो मोह नको.

सुरगाण्याची माती

आणि पिठाच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब कुणी सुचवला तर त्याला बांधावर उभं करू नका. आमच्या पाड्यावर एका गाभण गाईचा जबडा गेला. ती तीन दिवस जगली. डुक्कर नको, बंदूक नको, काहीही नको असं झालं होतं तेव्हा.

ननाशीकर

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

अकराही काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली. कोर्टाची पायरी यांनी सांगितल्याप्रमाणे दोन प्रतींत अर्ज. वडील बाहेर बाकावर बसून होते, चेहरा पडलेला. सगळी चौकशी नीट झाली, जबाब लिहून घेतला, पोच मिळाली. तिथल्या एका जुन्या हवालदारांनी टोकदार गोळी हातात घेऊन लगेच ओळखली.

मग रायफल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली, परवाना आणि वडील दोघांना सोबत घेऊन. त्याने चेंबरमध्ये गंधक वितळवून ओतलं. थंड झाल्यावर मागून हलकी टिचकी मारली आणि पिवळाधमक साचा बाहेर आला, बाटलीच्या आकाराचा, खांदा आणि मान अगदी कोरल्यासारखी. त्याने पट्टी लावून दाखवली, ५० मिमी. म्हणाला, ही मनाने आणि अंगाने दोन्हीने तीनशे पंधराच आहे, शिक्का खोटा नाही. बोल्टचं अंतर गेज लावून तपासलं, बसलं. नळीत चेंबरच्या पुढे बोटभर अंतरात बारीक खड्डे आहेत.

जुना आर्मरर

खड्डे कशाचे ते सांगतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार निघाला की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतलं पाणी ओढतो. नुसतं तेल मारून तो निघत नाही. नळीत उकळतं पाणी ओतायचं, मीठ विरघळू द्यायचं, फडक्याने कोरडी करायची आणि मग तेल. आजोबांनी तेल मारलं असेल, पाणी नसेल घातलं. त्यांची चूक नाही, कुणी सांगितलंच नसणार. खड्डे बोटभरच असतील तर नेम फार बिघडणार नाही. रेंजवर बघा.

ननाशीकर

बघितलं. नवीन दहा काडतुसं घेतली, .३१५, मऊ नाक, खोक्यावरची तारीख ताजी आहे हे आधी पाहिलं. वडिलांनी दुकानदाराला प्रत्येक काडतूस बाहेर काढायला लावलं आणि बूड वाचलं. त्याला उशीर होत होता, तरी वाचलं.

रेंजवर परवानगी काढून गेलो. पन्नास मीटर, वडिलांनी बैठकीवरून तीन बार काढले, मधे पुरेसा वेळ ठेवून. काकांनी सांगितलं होतं तसं प्रत्येक वेळी केस हातात घेतली. बुडाच्या वर कुठे चकाकती रेघ पडली आहे का ते बोटाने चाचपलं. नव्हती. तिन्ही भोकं वडिलांच्या तळहाताखाली झाकली जातील एवढ्यात, पण मधल्या ठिपक्यापासून चार बोटं खाली आणि जरा डावीकडे. भोकं गोल, लांबट नाहीत.

दक्षिणवारा

गोल भोकं! म्हणजे नळी गोळीला धरते. अभिनंदन, आणि काकांना नमस्कार. खाली लागतंय त्याचं कारण सोपं. नेम धरायचा काटा ज्या काडतुसासाठी आखलेला असतो, ते सोडून दुसरं घातलं की फरक पडतोच. पुढचा काटा बदलल्याशिवाय ते जाणार नाही, दुरुस्तीवाल्याला सांगा. पुढचा काटा उंच असला की गोळी खाली लागते, म्हणून तुम्हाला ठेंगणा लागेल. काटा बदलून पुन्हा तीन बार काढल्याशिवाय मचाणावर चढू नका. "चार बोटं वर धरतो" असं मनात म्हणून मारलेली गोळी अंधारात पोटात लागते.

ननाशीकर

दादा, हेच वडील म्हणाले. काटा बदलायला टाकलाय.

वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिलाय, कर्मचारी वावर पाहून गेले, अजून उत्तर नाही. दरम्यान खालच्या शेताला सुरगाण्याच्या ताईंच्या गटाकडून माहिती घेऊन झटका कुंपण घातलं, तिथला मका या वेळी उभा आहे. वरच्या तुकड्यात काल रात्री पुन्हा उकरलं, ओहोळाच्या काठच्या दोन सऱ्या गेल्या. परवानगी आली तर मचाण आंब्यावर, पाठीमागे डोंगराचा उतार येईल असं, वडिलांनी जागा दाखवून ठेवली आहे.

काल त्यांनी वहीत पहिली नोंद केली. दहा आणली, तीन वापरली, सात शिल्लक, रिकाम्या केसेस तीन. खाली तारीख आणि सही. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, पुढे कुणाच्या हातात गेली तरी घोटाळा होऊ नये म्हणून: रायफल .३१५, नळीवरचा शिक्का डाव्या अंगाला, भिंगाने वाचावा.